हातमोज्याला तेल कोणी लावले?

मी एक जुना हातमोजा आहे. बेसबॉल खेळताना बॅट धरायला जी जोडी घालतात, त्यातला डावा. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. क्रिकेटच्या हातमोज्यासारखी माझ्या अंगावर गादी नाही. तळव्याला बकरीचे पातळ कातडे, पाठीला ताणले जाणारे कापड आणि मनगटावर कर्रकन उघडणारी पट्टी, एवढाच माझा देह. ज्याची कातडी इतकी पातळ, त्याने सावध राहायचे नाही तर काय करायचे?

ही सवय मला कारखान्यातच लागली. तिथे कातडे बेतणारी एक बाई होती. ती प्रत्येक कातडे खिडकीच्या उजेडात धरी, दोन्ही अंगठ्यांनी ताणी, उलटे करी आणि पुन्हा ताणी. एकाही कातड्यावर तिचा विश्वास नव्हता. "हे दिसायला गोड आहे," ती शेजारच्या मशीनवालीला म्हणे, "पण पोटाकडचं आहे. एकदा ताणलं की परत जागेवर यायचं नाही." मी पाठीकडच्या कातड्यातून निघालो, म्हणून वाचलो. माझा जोडीदार, उजवा, दुसऱ्याच कातड्यातला. आमची ओळखही झाली नव्हती आणि कोणीतरी आम्हाला एका पिशवीत घालून तोंड बंद केले. बॅटच्या दांड्यावर मी खाली असतो, अगदी टोकाच्या गाठीजवळ, आणि तो माझ्या वर. गाठ घासते ती मला. झिजतो मी आणि जोडी म्हणून कौतुक होते दोघांचे. तेव्हा त्याच्याविषयी माझे मत काय असेल ते तुम्हीच ओळखा.

दुकानात मुंगी आम्हाला घ्यायला आली. मुंगी म्हणजे मुलींच्या संघातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. तिला सगळे मुंगीच म्हणत. बरोबर तिची आई होती. ती दवाखान्यात परिचारिका होती. दुकानदाराने आधी आमच्याहून मोठी, चकचकीत जोडी पुढे केली.

"एक माप मोठंच घ्या ताई. वाढतं वय आहे, पुढची दोन वर्षं बघायला नको."

"चपला नाही घ्यायला आलो," आई म्हणाली. "मी दिवसभर हातमोजे घालूनच काम करते. बोटाच्या टोकाला रिकामी जागा राहिली की हातातली सुई कुठे आहे ते समजत नाही."

"अहो, पण हे खेळायचे आहेत."

"म्हणजे बॅट कुठे गेली तरी चालेल?"

दुकानदार हसला आणि फळीच्या अगदी मागून त्याने आम्हाला काढले. योग्य माप त्याने मुद्दाम मागे ठेवले होते, असे मला आजही वाटते. आईने माझी पारख केली ती अशी. मुंगीची बोटे टोकापर्यंत पोहोचतात का ते चिमटीत धरून पाहिले. मुंगीला मूठ वळायला लावली आणि तळव्यात कातड्याची घडी गोळा होते का, हे बोट फिरवून तपासले. अंगठा आणि पहिले बोट यांच्या मधल्या बेचक्यात कातडे रुततही नव्हते आणि लोंबतही नव्हते. मग मला उलटे करून आतली शिवण पाहिली, कारण आतला धागा टोचला तर फोड येतो. शेवटी दुकानातलीच एक बॅट मुंगीच्या हातात दिली. मुंगीने ती धरली, दोनदा फिरवली आणि म्हणाली, "आई, घातलेत असं वाटतच नाही." अशी बोलणारी माणसे मला आवडतात. तरी मी लगेच खूश झालो नाही.

घरी मामा होता. आईचा मोठा भाऊ. तो गाड्यांच्या सीटांना कव्हरे शिवायचे काम करी. तरुणपणी तो बेसबॉलमध्ये कॅचर होता, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. एकदा चेंडू बोटावर बसला आणि उजव्या हाताचे मधले बोट कायमचे वाकडे झाले. झेलायचा त्याचा जाडजूड मोजा दारामागे खिळ्याला टांगलेला असे. दर आठवड्याला मामा त्याला कातड्याचे तेल चोळी.

मामाने मला उचलून उजेडात धरले. "हे? हे घालून भाजी चिरायची का? आमच्या वेळी आम्ही हाताला माती चोळायचो आणि उभे राहायचो."

"म्हणूनच आता तुला बरणीचं झाकण उघडत नाही," आई म्हणाली.

"बरणी जुनी आहे."

"दादा, तिचं तिला करू दे. तिने कसं उभं राहायचं, काय घालायचं, यात तू पडू नकोस. मागच्या वेळी तुझं ऐकून ती आठ दिवस वाकून चालत होती."

मामा मला खाली ठेवून निघून गेला. जो माणूस असा गप्प होतो, त्याच्यावर लक्ष ठेवावे, हे मी मनाशी पक्के केले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. मुंगी अंगाने लहान, पण चेंडू बॅटवर आला की असा आवाज निघे की पलीकडच्या रस्त्यावरची माणसे वळून पाहत. सराव संपला की ती आम्हाला ओल्या फडक्याने पुशी, बोटे सरळ करी आणि खिडकीच्या सावलीतल्या बाजूला तळवे वर करून ठेवी आणि वाळलो की रात्री बॅगेत घाली. मनगटाची पट्टी लावून ठेवी, म्हणजे तिचे काटे कापडाला ओरबाडत नसत. उन्हात कधी नाही, शेगडीजवळ कधी नाही. धावताना ती आम्हाला काढून खिशात ठेवी, कारण जमिनीवर घसरले की आमचा तळवा फाटतो. संघाला शिकवणाऱ्या बाई इतर मुलींना म्हणत, "मुंगीचे मोजे बघा आणि तुमचे बघा."

मग एक दिवस मुंगी विसरली. सरावाहून आली ती थेट अभ्यासाला बसली. आम्ही दोघे घामाने भिजलेले, बॅगेच्या तळाशी, बुटांखाली चुरगळून पडलो. वाळलो तेव्हा पापडासारखे कडक झालो होतो. मुंगीने आम्हाला ओल्या फडक्यात गुंडाळून हळूहळू मऊ केले, पण माझ्या अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक चीर राहिली. मुंगी ती चीर पाहत होती तेव्हा मामा तिच्या मागे उभा होता. त्याने चीर पाहिली, दाराकडे पाहिले आणि पुन्हा चिरीकडे पाहिले. मला ते मुळीच आवडले नाही.

मामा घरात सगळ्यांच्या आधी उठे. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेची चेन हलकेच उघडली. एक हात आत आला आणि त्याने मला बाहेर काढले. त्या हाताचे मधले बोट वाकडे होते. त्याने कापडाच्या बोळ्यावर तेल घेतले आणि माझ्या तळव्यावर गोल गोल चोळले, तेही आतपर्यंत जिरेल असे. मग उजव्यालाही तसेच चोळले, आम्हाला होतो तसे ठेवले आणि चेन लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चोरून येतो, चोरून जातो, आणि मला बघवेनासाच झाला होता हा माणूस. मी हिशेब मांडला की याला मला संपवायचे आहे, म्हणजे पोरगी पुन्हा हाताला माती चोळील. मित्रांनो, आम्हाला तोंड नसते. मी फक्त तेल पीत राहिलो.

माझ्यासारख्या पातळ कातड्यात तेल मुरले की ते फुगते आणि बुळबुळीत होते. वर घाम आला की मग विचारायलाच नको. सरावात मुंगीने बॅट जोरात फिरवली आणि बॅट तिच्या हातातून सुटून गिरक्या घेत कुंपणावर आदळली. तिथे पाण्याची बादली होती, ती उलटली. मुली किंचाळत बाजूला झाल्या. पुढच्या सरावात पुन्हा तसेच झाले. या वेळी बॅट बाकावर बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून गेली.

बाईंनी खेळ थांबवला. "मुंगी, काय चाललंय?"

"बाई, हात घसरतोय."

बाईंनी मला हातात घेतले, अंगठा फिरवला आणि नाकाशी धरला. "याला कसलं तरी तेल लावलंय."

सगळ्या मुली शिट्टीकडे पाहू लागल्या. शिट्टी म्हणजे समोरच्या दोन दातांमधल्या फटीतून हवी तशी शिट्टी वाजवणारी मुलगी. तिच्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि ती शाळेनंतर तिथे काम करी. तिच्या नखांत, हातांच्या रेषांत नेहमी काळे ग्रीस असे. संघाच्या बॅगा सांभाळायचे काम तिच्याकडे होते. आणि मुंगी बाहेर बसली तर तिच्या जागी बॅटिंगला जाणारी मुलगीही शिट्टीच होती. अंतिम सामना जवळ आला होता.

"मी नाही लावलं," शिट्टी म्हणाली.

"तुझं नाव कुणी घेतलं?" एक मुलगी म्हणाली.

"तोंडाने नाही घेतलं. बघताय सगळ्या माझ्याकडेच."

तेव्हा मुंगी बोलली. "बॅगा तुझ्याकडेच असतात. आणि हात बघ तुझे."

शिट्टीने हात पाहिले नाहीत. तिने मुंगीकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "खरं काय ते समजेपर्यंत शिट्टी, तू सरावाला येऊ नकोस." शिट्टीने आपली टोपी बाकावरून उचलली आणि ती निघून गेली. मला ओरडून सांगायचे होते की ग्रीस काळे असते, घट्ट असते, आणि माझ्या अंगातले तेल पिवळसर आहे, पातळ आहे. इतके तरी बघा. पण कोणी बघितले नाही. डोळ्यांसमोर काळे हात असले की तेलाचा रंग कोण बघतो?

पुढच्या सरावात शिट्टी नव्हती. आणि माझा तळवा पुन्हा ओशट होता. मुंगीने मला चार वेळा पुसले. मग ती सगळ्या मुलींच्या हातांकडे पाहू लागली. बॅग तिने स्वतःजवळच ठेवली होती. शिट्टीने कोणाला तरी फितवले असेल. शेजारची मुलगी घरी येऊन जाते, ती असेल. खिडकीतून कोणी हात घालत असेल. त्या दिवशी मुंगी माझ्याइतकीच संशयी झाली होती आणि मला सांगायला हरकत नाही, ती नजर तिच्या चेहऱ्याला शोभत नव्हती.

मैदानावर पांढऱ्या रेघा आखायची खडूची पूड असते. मुंगीने ती मूठभर कागदात बांधून घरी आणली. झोपण्याआधी बॅगेच्या चेनवर आणि आमच्या मनगटांच्या पट्ट्यांवर तिने ती हलकेच भुरभुरली. मग बॅग रोजच्या जागी ठेवली.

सकाळी मामा नेहमीसारखा आला, त्याने नेहमीसारखे तेल चोळले आणि चहा करायला गेला. मुंगी उठून आली तेव्हा कपाच्या कानावर पांढरे ठसे होते. पातेल्याच्या झाकणावर होते. तेलाच्या डब्यावरही होते, आणि तिथे चार बोटे सरळ उमटली होती आणि मधले तिरपे.

"मामा, तुझ्या हाताला काय लागलंय?"

"कुठे काय?"

"पांढरं."

मामाने हात उलटसुलट करून पाहिले. "पीठ असेल."

"आज कुणी पीठ काढलंच नाही."

आईने हातातला कप खाली ठेवला. "दादा."

"बरं, लावलं थोडं तेल. चोरी नाही केली," मामा म्हणाला. "कातडं तडकायला लागलं होतं. पोरीच्या लक्षात येत नव्हतं आणि तू मला तोंड उघडू देत नव्हतीस. म्हटलं गुपचूप लावावं. माझा मोजा बघ, इतक्या वर्षांनी लोण्यासारखा आहे."

"मामा, तुझा मोजा चेंडू झेलायचा आहे," मुंगी म्हणाली. "तो मऊच हवा. यात बॅट धरायची असते. तेल लागलं की बॅट सुटते."

मामाने मला हातात घेतले. कोपऱ्यातला झाडू उचलला, त्याच्या दांड्याभोवती माझा तळवा गुंडाळून घट्ट आवळला आणि दुसऱ्या हाताने दांडा पिळून पाहिला. दांडा मुठीत गर्रकन फिरला. मामा कातड्यातला माणूस होता. त्याला एवढे पुरले.

"म्हणजे ती बॅट..."

"हो."

"आणि मी म्हणत होतो की पोरीच्या मनगटात जोर नाही."

मित्रांनो, मी इतके दिवस ज्याला वैरी समजत होतो, तो मला जपत होता. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. वाईट हेतूचा माणूस ओळखायला मी शिकलो होतो. चांगल्या हेतूने रोज सकाळी कोणी मला बिघडवील, हे माझ्या शिवणीतही आले नव्हते.

मुंगी म्हणाली, "बाईंना सांगू की तेल आपोआप गेलं. कोणाला काय कळणार?"

"आणि ती दुसरी?" मामाने विचारले. मुंगीने घरी शिट्टीचे नाव घेऊन खूप काही सांगितले होते, ते त्याच्या लक्षात होते.

"ती येत नाही आता."

"येत नाही, की येऊ देत नाहीत?"

मुंगी कपावरचे ठसे पुसू लागली. आईने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चप्पल घाल."

सायकलच्या दुकानात शिट्टी एक चाक फिरवून त्याचा डुगडुगता भाग शोधत होती. तिचे वडील स्टुलावर बसून पंक्चर काढत होते. मामाने मला खिशातून काढले आणि पुढे धरले. "पोरी, हे तेल मी लावलं. रोज. घरात कोणालाच माहीत नव्हतं."

शिट्टी चाक फिरवत राहिली. "मी नाही लावलं, एवढं मला माहीत होतं काका. बाकी काही माहीत नव्हतं."

तिच्या वडिलांनी मला घेऊन अंगठ्याने दाबले. "आमचं ग्रीस यावर पडलं असतं तर बाईंना वास घ्यायची गरजच पडली नसती. लांबूनच दिसलं असतं."

"माझं चुकलं," मुंगी म्हणाली.

"इथे कशाला सांगतेस?" शिट्टीने चाक थांबवले. "इथे सगळ्यांना माहीतच आहे. जिथे म्हणालीस, तिथे सांग."

मुंगीने तिथे सांगितले. सराव सुरू होण्याआधी, सगळ्या मुली बाकावर असताना. तिचा आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावले. दुसऱ्यांदा तिने नीट सांगितले की तेल तिच्या घरातल्या माणसाने चुकून लावले होते, आणि तिने न विचारता, न तपासता, शिट्टीचे हात पाहून तिचे नाव घेतले होते. शिट्टी कुंपणाबाहेर सायकल धरून उभी होती. बाई स्वतः चालत कुंपणापर्यंत गेल्या. "मीही विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "अंतिम सामन्यात मुंगीच्या जागी तू खेळशील." शिट्टी आत आली. बाकावर मुंगीच्या शेजारी जागा होती, पण ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

सामन्यात शिट्टी उघड्या हातांनी खेळली. आमच्यासारख्यांवर तिचा विश्वास नव्हता आणि त्यात तिचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. तिने दोन चेंडू लांब मारले, एक हुकवला. संघ हरला. मुंगी शेवटपर्यंत बाकावर होती आणि प्रत्येक चेंडूला उभी राहून ओरडत होती. शिट्टी परत आली तेव्हा तिच्या तळव्यावर फोड आला होता. मुंगीने पाण्याची बाटली पुढे केली. शिट्टीने ती घेतली, पाणी हातावर ओतले आणि बाटली परत दिली.

आमचा मात्र निकाल लागला होता. पातळ कातड्यात मुरलेले तेल निघत नाही. मामाने पुसून पाहिले, खडूची पूड चोळून पाहिली, मग मुंगीला म्हणाला, "नवे घेऊ. या वेळी मी फक्त बघेन." मुंगी आम्हाला कचऱ्यात टाकायला निघाली होती. ते शिट्टीला कोणाकडून तरी समजले आणि सरावाच्या वेळी ती मुंगीजवळ येऊन उभी राहिली.

"टाकू नकोस. मला दे. साखळी ओढताना हात कापतात. तिथे तेलकट मोजा चालतो."

सायकलच्या दुकानातल्या त्या दिवसानंतर ती मुंगीशी बोलली, ते पहिल्यांदाच.

म्हणून मी आता, उजव्यासकट, सायकलच्या दुकानात आहे. ज्या हातांवर माझ्यापायी आळ आला, तेच हात मला घालतात. तळव्याचा रंग आता सांगता येत नाही. अंगठ्याजवळची चीर रुंदावली, तेव्हा शिट्टीने ती सुतळीने शिवली. टाके वेडेवाकडे आहेत, पण टोचत नाहीत.

तुमच्याकडे माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला पुसा, सावलीत ठेवा, चुरगळू नका, आणि त्याला जे नको आहे ते मायेनेही चोळू नका. काही बिघडलेच, तर एखाद्याचे नाव घेण्याआधी त्याच्याशी बोला. हे मी सांगतो आहे, ज्याला अजून पंपाच्या नळीचासुद्धा भरवसा वाटत नाही.

मागच्या रविवारी मुंगी दुकानात आली होती. तिच्या सायकलचा ब्रेक लागत नव्हता. खेळाची बॅग तिने शिट्टीच्या कामाच्या फळीवर टाकली, ग्रीसच्या डब्याला अगदी खेटून. चेन उघडी होती आणि आतले कोरे, पांढरे हातमोजे मला स्पष्ट दिसत होते.

"अगं, बॅग उचल तिथून," शिट्टी म्हणाली. "डाग पडेल."

"पडू दे. मी पाणी पिऊन येते," असे म्हणून मुंगी रस्ता ओलांडून गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

मी फळीवर पडल्या पडल्या सगळ्यांवर नजर ठेवून होतो. शिट्टीने दोन्ही हात चिंधीला पुसले, मग साबणाने धुतले, मग पुन्हा पुसले. आणि मग ती बॅग दोन बोटांनी उचलून, जिथे ग्रीस पोहोचत नाही अशा वरच्या फळीवर ठेवली.